किताब नरम, गल्ली कडक

ताथवड्यात नवा फ्लॅट बघायला आलेल्या मुसलमान जोडप्याचे दोन हिशेब एकाच वेळी चालू असतात. पहिला सॅम्पल फ्लॅटमध्ये, सगळ्यांसमोर: कार्पेट किती, पार्किंग कव्हर्ड आहे का, ताबा कधी. दुसरा रात्री घरी, मुलं झोपल्यावर. पन्नास लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता साधारण 43,400 रुपये येतो. वीस वर्षांत बँकेकडे एक कोटी चार लाख जातात. मुद्दलाहून व्याज जास्त. आणि व्याज, म्हणजे रिबा, हा कुराणात सर्वांत कठोर शब्दांत निषिद्ध ठरवलेल्या व्यवहारांपैकी एक. प्रेषितांच्या एका प्रसिद्ध हदीसमध्ये तर व्याज घेणारा, देणारा, त्याचा कागद लिहिणारा आणि त्यावर साक्ष करणारा, चौघांनाही एकाच रांगेत उभं केलं आहे.

म्हणून जुम्म्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांना बाजूला घेऊन हा प्रश्न विचारला जातो. उत्तर बहुधा एका वाक्यात मिळतं: हराम आहे, भाड्यानं राहा. ते उत्तर किताबाप्रमाणे चूक नाही. पण नाव ऐकल्यावर ‘फ्लॅट आत्ताच गेला’ असं सांगणाऱ्या मालकांच्या आणि एजंटांच्या या शहरात भाड्यानं राहणं मुसलमान कुटुंबाला किती सोपं आहे, हे त्या एका वाक्यात येत नाही. दर अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्या मुलांच्या शाळेचं काय, हेही येत नाही.

ताथवडे 2009 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. एका बाजूला मुंबई-बेंगळुरू महामार्ग, पलीकडे हिंजवडीचं आयटी पार्क, भूमकर चौकातली रोजची कोंडी, कॉलेजं, आणि शेतांच्या जागी वीस-वीस मजली टॉवर. इथला मुसलमान एकाच साच्यातला नाही. मावळ-मुळशीच्या गावांतले मुलाणी, तांबोळी, आतार आहेत. गावकीच्या व्यवस्थेत मुलाणी हलालीचं काम करायचा, ते साऱ्या गावासाठी. मराठवाडा, सोलापूर, विजापूरकडून कारखान्यांच्या मागे आलेले आहेत. कोकणातले आहेत, ते शाफई मजहबाचे, म्हणजे इस्लामी कायद्याच्या त्या परंपरेचे. उत्तर प्रदेश, बिहारचे आहेत, ते हनफी. आणि हिंजवडीत नोकरीला आलेला हैदराबादचा, भोपाळचा, केरळचा इंजिनिअर आहे. एकाच मशिदीत असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजच्या, वेळेवरून दोन मतं असतात, कारण शाफई मतानुसार असर लवकर सुरू होते आणि हनफी मतानुसार पाऊण ते सव्वा तास उशिरा. कोळंबी रत्नागिरीच्या घरात रोजच्या जेवणाची गोष्ट. उत्तरेकडच्या शेजाऱ्याच्या मदरशात तिच्यावर वाद झडलेले.

या लेखाचा विषय हे फरक नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की इस्लामी कायद्याच्या ग्रंथांत, फिकहमध्ये, माणसाच्या अडचणीसाठी जागा ठेवलेली आहे, आणि ती जागा वाटते त्याहून बरीच मोठी आहे. पण वस्तीपर्यंत पोचताना हुकूम आधी येतो आणि सवलत वाटेत राहते. सवलत कोणापर्यंत पोचते आणि कोणापर्यंत नाही, ते नीट पाहिलं पाहिजे.

व्याजाचंच घ्या. जरूरत आणि हाजत, म्हणजे निकड आणि गरज, या दोन पायऱ्या फकीहांनी, म्हणजे फिकहच्या जाणकारांनी, पूर्वीच पाडून ठेवल्या आहेत. जीव जायची वेळ आली तर निषिद्ध अन्नही चालतं, ही निकड. आणि समाजातल्या सर्वांना भेडसावणारी गरज निकडीच्या जागी धरता येते, हा पुढचा नियम. त्याच आधारावर युरोपातल्या फतवा परिषदेनं 1999 साली राहत्या पहिल्या घरासाठी, दुसरा मार्ग नसेल तर, बँकेचं कर्ज घ्यायला मोकळीक दिली. त्यावर अनेक उलेमा नाराज झाले, वाद आजही संपलेला नाही. भारतात काझी मुजाहिदुल इस्लाम कासमी यांनी स्थापन केलेल्या इस्लामिक फिकह अकादमीनंही 1989 पासूनच्या चर्चासत्रांत बँका, विमा, व्याज हे प्रश्न टेबलावर घेतले. म्हणजे विद्वानांनी विचार केलाच नाही, असं नाही. तो विचार सर्व्हिस रोडवरच्या छोट्या मशिदीपर्यंत उतरत नाही. तिथला इमाम तुटपुंज्या पगारावर राबतो आणि वादाला घाबरतो. कडक उत्तर दिल्यानं कोणाची नोकरी जात नाही.

दुसरा मार्ग बँकेनं काढायचा होता. व्याजाऐवजी नफ्यावर विक्री: बँक घर विकत घेते आणि ठरलेला नफा लावून हप्त्यानं तुम्हाला विकते. पण इथं कर आडवा येतो. पिंपरी-चिंचवडमध्ये घरखरेदीवर मुद्रांक शुल्क साधारण सात टक्के. सत्तर लाखांच्या फ्लॅटवर चार लाख नव्वद हजार. घर दोनदा विकलं गेलं तर हे शुल्क दोनदा. ब्रिटननं ही अडचण ओळखून 2003 च्या वित्त कायद्यात दुहेरी मुद्रांक काढून टाकला. आपल्याकडे रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं 2008 साली बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली, 2016 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या गटानं त्यावर काम केलं, आणि 2017 च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं हा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. मधल्या काळात सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेनं बार्शीत बिनव्याजी कर्जाचा छोटासा प्रयोग सुरू केला होता. त्यानं घर होत नाही. एखाद्याची हातगाडी होते. पण हातगाडीही लहान गोष्ट नाही.

माणसं मग आपापली वाट काढतात. बचत खात्यावर जमलेलं व्याज बँकेत सोडायचं नाही आणि स्वतः वापरायचंही नाही. ते काढून, पुण्य मिळण्याची अपेक्षा न ठेवता, गरजूला द्यायचं. भारतातल्या मुफ्तींनी फार पूर्वी दिलेला हा तोडगा आज आयटीतल्या पोरांच्या अंगवळणी पडला आहे. बायकांची वाट भिशीची. चिठ्ठी टाकून नंबर काढायचा, दर महिन्याला एकीला पूर्ण रक्कम, कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. त्यात व्याजाचा अंश नाही. लिलावाची भिशी मात्र वेगळी. तिथं ज्याला पैशाची घाई तो कमी रक्कम उचलतो आणि त्याच्या तोट्यावर बाकीचे नफा खातात. गरजूच्या गरजेवर कमाई करायची नाही, हा रिबाबंदीचा मूळ हेतू या दोन भिशांतल्या फरकात दिसतो. धुणीभांडी करणाऱ्या बायकांना तो नेमका कळतो, हे मी पाहिलं आहे. बोलीची भिशी नको, असं त्या ठामपणे सांगतात.

त्याच बायकांपैकी एकीचा हिशेब मांडून पाहू. समजा ती सोसायटीत हाउसकीपिंगला आहे, नवरा रिक्षा चालवतो, आणि तिच्या अंगावर लग्नातलं दोन तोळे सोनं आहे. डब्यात चार-पाच हजार रुपये आहेत, डोक्यावर कर्ज नाही. ती श्रीमंत आहे का? जकात म्हणजे दरवर्षी द्यायचं सक्तीचं दान. तिचा निसाब, म्हणजे संपत्तीची किमान मर्यादा, सोन्याची साडेसात तोळे, 87.48 ग्रॅम, चांदीची साडेबावन्न तोळे, 612.36 ग्रॅम. प्रेषितांच्या काळात दोन्हींची किंमत साधारण सारखी होती. आज नाही. नुसतं सोनं असतं तर दोन तोळ्यांवर काहीच लागलं नसतं. साडेसातला ते फार कमी आहे. पण सोन्याबरोबर थोडी रोकड असली की हनफी रिवाजात दोन्हींची किंमत एकत्र करून चांदीच्या मर्यादेशी तुलना होते, आणि आजच्या भावानं दोन तोळे सोनं त्या मर्यादेच्या कितीतरी वर जातं. म्हणजे सात तोळे सोनं अंगावर आणि हातात छदामही नसलेली बाई जकातीतून सुटते, आणि दोन तोळेवाली अडकते. वर तिच्यावर बकरी ईदची कुर्बानीही वाजिब, म्हणजे बंधनकारक, होते, नवऱ्याची वेगळी, तिची वेगळी. तिची शेजारीण कोकणातली शाफई असेल, तर तिला वापरातल्या दागिन्यावर जकात नाही, आणि कुर्बानी सुन्नत, म्हणजे ऐच्छिक, आहे. एका घराला एक बोकड पुरतो.

खुद्द हनफी मजहबातच यावर दुसरं मत आहे. इमाम अबू हनीफांनी किमती एकत्र करायला सांगितल्या. त्यांचे दोन थोर शिष्य, अबू यूसुफ आणि मुहंमद, यांनी हिस्से एकत्र करायला सांगितले. शिष्यांच्या पद्धतीनं दोन तोळे सोनं म्हणजे सोन्याच्या निसाबाचा जेमतेम पाव हिस्सा. उरलेला पाऊण हिस्सा चांदी-रोकडीतून भरला तरच जकात. डब्यातल्या पाच हजारांनी तो भरत नाही. ती बाई सुटते. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं हे मत, त्याच मजहबाच्या त्याच ग्रंथांत. तिला ते कोणी सांगितलेलं नाही. कानातलं मोडून जकात भरणाऱ्या बाया असतात, आणि त्या सक्तीनं नाही, श्रद्धेनं भरतात. म्हणून तर हे सांगणं जास्त गरजेचं आहे. कुराणानं जकात ज्यांना द्यायची म्हणून सांगितलं, त्यांच्यात बसणाऱ्या बाईकडून ती वसूल होऊ नये.

कुर्बानीबद्दल थोडक्यात. मार्च 2015 पासून महाराष्ट्रात बैलाची कत्तल बंद झाली, त्यामुळे सात जणांनी मिळून करायच्या कुर्बानीसाठी म्हैसवर्गाचंच जनावर उरलं. टॉवरमध्ये बोकड आणणं हा तर दरवर्षीचा ताण. जून 2023 मध्ये मुंबई सेंट्रलच्या एका सोसायटीचा वाद उच्च न्यायालयात गेला, आणि पालिकेच्या परवान्याशिवाय सोसायटीच्या आवारात कुर्बानी होऊ देऊ नये, असं न्यायालयानं बजावलं. फिकहची इथं काहीच हरकत नाही. वकालत, म्हणजे दुसऱ्याच्या हातून आपल्या नावानं कुर्बानी, पूर्ण ग्राह्य आहे. ताथवड्यातली पुष्कळ घरं आता गावाकडे किंवा मदरशात पैसे पाठवतात.

कारखान्याचंही तसंच. पाळीच्या मध्ये साधारण अर्ध्या तासाची सुट्टी. जुम्म्याला अर्धा तास पुरत नाही, पण दुपारची नमाजची वेळ लांबलचक असते, त्यामुळे वेगवेगळ्या मशिदी एक, दीड, दोन अशा वेळा ठेवतात आणि कामगार आपल्या जेवणाच्या सुट्टीला जुळणारी मशीद गाठतो. दुसऱ्या पाळीत मगरीब, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज, निसटते. ती रात्री कजा म्हणून, म्हणजे उशिरा भरून, पढली जाते. रमजानमध्ये भट्टीवर काम करणाऱ्यासाठी हनफी ग्रंथांत रोटी भाजणाऱ्याचा दाखला आहे: अर्धा दिवस भाजावं, अर्धा दिवस विसावा घ्यावा. चाकणच्या फोर्जिंगमध्ये अर्धी पाळी मिळत नाही. तिथं जीव कासावीस झाला तर रोजा सोडावा आणि नंतर भरून काढावा, हीही वाट मोकळी आहे, आणि पुरुषांना ती ठाऊक असते. मशिदीच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर, मौलानांच्या शेजारी बसून अशा सवलती एकमेकांच्या कानावर जातात.

बायका त्या ओट्यावर नसतात. इथं माझ्या विषयाचं खरं दुखणं सुरू होतं.

नवरा वारलेल्या बाईची इद्दत, म्हणजे पुन्हा लग्न करण्याआधी थांबायचा काळ, चार महिने दहा दिवस. वस्तीची समजूत अशी की या काळात तिनं उंबरा ओलांडायचा नाही. घरात कमावणारं दुसरं कोणी नसेल तर? बाराव्या शतकात मर्गिनानींनी लिहिलेला ‘हिदाया’ हा हनफी कायद्याचा मान्य ग्रंथ. 1791 मध्ये चार्ल्स हॅमिल्टननं त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि ब्रिटिश कोर्टं त्यावर चालली. त्यात स्वच्छ म्हटलं आहे की विधवेनं दिवसा बाहेर पडायला हरकत नाही, रात्री मात्र आपल्या घरी असावं. कारणही दिलं आहे: घटस्फोटितेचा इद्दतीतला खर्च नवऱ्यावर असतो, विधवेला खर्च देणारं कोणी नाही, तिला पोटासाठी बाहेर पडावंच लागेल. एवढा साधा, पोटाचा विचार करणारा नियम. आणि तरी कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर कंत्राटी असलेली बाई चार महिने दहा दिवस घरी बसते, कंत्राटदार तिच्या जागी दुसरी घेतो, आणि चाळीत कोणी ब्र काढत नाही. किताब तिच्या बाजूनं होती. गल्ली नव्हती.

नवरा परागंदा झालेल्या बाईची कथा याहून मोठी आहे आणि ती या देशाच्या कायद्यात शिरली आहे. जुन्या हनफी मताप्रमाणे बेपत्ता नवऱ्याची वाट त्याच्या वयाची नव्वदी उलटेपर्यंत पाहायची. पंचवीस वर्षांच्या मुलीनं आयुष्य वाट पाहण्यात काढायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात अशा कोंडलेल्या बायकांनी भयंकर वाट शोधली: धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो, म्हणून त्या धर्म सोडू लागल्या. ही बातमी देवबंदी परंपरेतले सर्वांत वजनदार आलिम अशरफ अली थानवी यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी मदीनेच्या मालिकी विद्वानांशी पत्रव्यवहार केला आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अल-हीलतुन नाजिजा’ हा ग्रंथ काढला. हनफी मतात वाट बंद असेल तर मालिकी मत घ्या, चार वर्षं वाट पाहून निकाह रद्द करता येईल, असं एका कट्टर हनफी आलिमानं मांडलं. त्यातूनच 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा उभा राहिला: नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं पोटगी नाही, सात वर्षांची कैद, क्रूर वागणूक, अशा कारणांवर बायकोला न्यायालयात फारकत मागता येते. निकाल मुस्लिम न्यायाधीशानंच द्यावा ही उलेमांची अट कायद्यात राहिली नाही, म्हणून ते नाराज झाले. पण कायदा झाला आणि आज शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात तोच चालतो.

या प्रकरणाकडे मी पुन:पुन्हा जाते, कारण त्यात क्रम दिसतो. ग्रंथातली सवलत आधीपासून होती. ती उघडायला बायकांना धर्म सोडण्यापर्यंत जावं लागलं.

तलाकचंही तसंच झालं. 2002 च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठानं दगडू छोटू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात निकाल दिला. दगडू हे मुसलमान माणसाचं नाव महाराष्ट्राबाहेर कोणाला खरं वाटणार नाही; आपल्याकडच्या खेड्यात ते सहज असतं. बायको पोटगी मागायला आली की नवरा लेखी जबाबात लिहायचा, मी हिला अमुक दिवशी तलाक दिला आहे. आणि तेवढ्यावर निसटायचा. न्यायालयानं म्हटलं, नुसतं लिहून भागणार नाही. तलाकला सबळ कारण होतं, दोन्हीकडचे मध्यस्थ बसले, समेटाचा प्रयत्न झाला, हे सगळं शाबीत करा. न्यायालय बाहेरून काही लादत नव्हतं. दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमा, हे कुराणाच्या चौथ्या सूरेतच आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं शमीम आरा खटल्यात तीच दिशा धरली. तिहेरी तलाक रद्द व्हायला 2017 उजाडलं. 2019 च्या कायद्यानं तो देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. माझ्या मते बाईच्या चुलीच्या दृष्टीनं दगडू पठाणचा निकाल आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रीचा पोटगीचा हक्क जुलै 2024 मध्ये पुन्हा पक्का करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जास्त कामाचे आहेत. तुरुंगातला नवरा पोटगी कुठून देणार?

पुण्या-मुंबईला या लढ्याची जुनी परंपरा आहे. 18 एप्रिल 1966 ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. 22 मार्च 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाईंना धर्मग्रंथातल्या सवलती शोधायच्या नव्हत्या. त्यांना समान नागरी कायदा हवा होता. 2007 मध्ये सुरू झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका उलट कुराण हातात घेऊनच बोलतात. हाजी अलीच्या दर्ग्यातली मजारीपर्यंतची वाट त्यांनी 2016 मध्ये उच्च न्यायालयातून उघडून घेतली. या दोन वाटांत भांडण आहे, आणि मला दोन्हींची गरज वाटते: दारावर बाहेरून थाप पडली नसती, तर आतल्यांनी किताबाची नरम पानं कधी उघडली असती, सांगता येत नाही.

ताथवड्यापासून फार लांब नाही, दापोडीहून हॅरिस पूल ओलांडला की बोपोडी. तिथल्या मशिदीत पत्नीला नमाज पढू द्यावी म्हणून पुण्याच्या एका दांपत्यानं विनंती केली. नकार मिळाला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 16 एप्रिल 2019 ला न्यायालयानं नोटीस काढली. जानेवारी 2020 मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं प्रतिज्ञापत्र दिलं की इस्लामी ग्रंथांप्रमाणे स्त्रीला मशिदीत येऊन नमाज पढायला मनाई नाही. हा प्रश्न सबरीमला प्रकरणासोबत नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला. पण बोर्डाचं ते वाक्य तर केव्हाच नोंदलं गेलं आहे. हिंजवडीतून सुटलेल्या मुलीला मगरीबच्या वेळी भूमकर चौकाच्या कोंडीत बसमध्ये बसल्या बसल्या नमाज चुकवावी लागते, आणि रस्त्याच्या कडेच्या मशिदीत तिच्या भावाला वजूचा नळ सहज मिळतो. ट्रस्टींनी एक खोली, एक वेगळा दरवाजा आणि दोन नळ दिले तर त्यासाठी कुठल्याही पीठाच्या निकालाची वाट पाहायला नको. नव्या मशिदीचा नकाशा काढतानाच तो खर्च धरला तर फार नाही.

आणि एक पान असं आहे की ते संकट येण्याआधीच बाईच्या हातात असतं: निकाहनामा. त्यात शर्ती घालता येतात. नवऱ्यानं अमुक केलं तर स्वतःला तलाक लावून घ्यायचा अधिकार बायकोला देता येतो. त्याला तफवीज म्हणतात, आणि हनफी फिकहमध्ये तो शतकानुशतकं मान्य आहे. पर्सनल लॉ बोर्डानं 2005 मध्ये भोपाळला आदर्श निकाहनामा काढला, महिला आंदोलनानं आपला वेगळा. डांगे चौकाजवळच्या हॉलमध्ये निकाह लागताना मात्र काझींच्या छापील वहीत मेहरची रक्कम आणि साक्षीदारांची नावं भरली जातात आणि शर्तींच्या जागी आडवी रेघ मारली जाते. मेहरही पुष्कळदा रिवाजाचा ठोकळ आकडा, तोही उधार. तिथं त्या क्षणी कोणी काही बोलूही शकत नाही. पाहुणे ताटकळलेले असतात, बिर्याणीचे हंडे उतरलेले असतात, नवरीची आई रडत असते. म्हणून तफवीजची शर्त, मेहर सोन्यात की रोख आणि कधी द्यायचा, नोकरी चालू राहणार की नाही, घराचं कर्ज निघालं तर नाव कोणाकोणाचं, हे सगळं मंगनीच्या बैठकीत ठरलं पाहिजे, दोन्हीकडचे बुजुर्ग बसलेले असताना, कागदावर, आणि त्या बैठकीत मुलगी स्वतः बसलेली असली पाहिजे.